महिना कुठे संपतो

आबा फोनवर कधी हॅलो म्हणत नसत. फोन उचलला की आधी तिथी सांगत. 'आज कार्तिक शुद्ध नवमी.' मग घसा खाकरणं, मग 'जेवलीस का?' वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणींना याचं भारी हसू यायचं. चार वर्षं त्या मला 'ए पंचांग' म्हणूनच हाक मारत.

आम्ही भोई. उजनी धरणाचा फुगवटा भीमेच्या पात्रातून पसरत शेतांत शिरतो, तिथे पाण्याला टेकून आमची शिरसवाडी आहे, पन्नास-साठ उंबऱ्यांची. आबा म्हणजे हनुमंत मल्लाव, जन्मभर होडीवर. 'मासा चंद्रावर चालतो, तारखेवर नाही,' असं ते म्हणत. काळोख्या पंधरवड्यात जाळं भरतं, चांदणं पडलं की माशाला जाळं दिसतं. त्यामुळे आमच्या घरात तारीख अशी फक्त माझ्या शाळेच्या दाखल्यावर होती. बाकी सगळा कारभार तिथीचा.

माझा जन्म झाला त्या वर्षी आबांनी एक शंभरपानी वही घेतली आणि पाण्यावर कोणतं पाखरू कधी आलं ते लिहायला लागले. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांचे जोडीदार सोपानतात्या नगरे डोळ्यांनी तेज. ते मोजायचे, आबा लिहायचे. दोघांचं कधी एकमत व्हायचं नाही, तेही वहीत उतरायचं : 'मार्ग. व. ३. पट्टेवाले आले. सोपान म्हणतो चारशे, मला साडेतीनशे. वारा उत्तरेचा.'

पट्टेवाले म्हणजे पुस्तकातले पट्टकादंब. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंसच म्हणा. तिबेटातल्या तळ्यांवरून हिमालय ओलांडून येतो. 'कचेरीतले पट्टेवाले वेगळे,' तात्या म्हणायचे, 'हे वेळेवर येतेत.' आणि खरंच यायचे. दत्तजयंतीचा सुंठवडा खाऊन झाला की आठ-दहा दिवसांत पट्टेवाले उतरलेच. लहानपणी मला वाटायचं, तेही प्रसादालाच येतात आणि दर वर्षी त्यांना उशीर होतो.

पुण्याच्या पक्षीमार्ग केंद्रात मी लागले तेव्हा 'थवा' आकाराला येत होता. थवा हे आमच्या प्रणालीचं नाव.

पक्षी कुठून कुठे जातात हे माणसाला शंभर वर्षं तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. ज्याच्या पाठीवर यंत्र बांधलंय तो पक्षी आपला अख्खा रस्ता उपग्रहाला सांगतो, पण असा पक्षी हजारांत एक. हवामानाचं रडार आभाळातला सगळा जमाव दाखवतं, पण तो बदकांचा की करकोच्यांचा हे त्याला कळत नाही. गच्चीवर लावलेला मायक्रोफोन वरून जाणाऱ्याचा आवाज ओळखतो, पण किती गेले ते सांगू शकत नाही. सगळ्यात गमतीचं गळून पडलेलं पीस. पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचं प्रमाण प्रदेशागणिक बदलतं, आणि पीस वाढताना ते पाणी त्याच्यात मुरतं. म्हणजे पिसाला आपलं जन्मगाव ठाऊक असतं, तिथून कधी निघालो हे मात्र नाही.

थवा या सगळ्यांची साक्ष एकत्र काढायचा. कोणता साक्षीदार पूर्वी किती वेळा खरा ठरला ते बघून त्याला वजन द्यायचा. गावातल्या पंचांना कसं, कोण तिखटमीठ लावून सांगतो हे माहीत असतं, तसंच. ज्याचं वजन जास्त, त्याच्या बाजूनं बाकीच्यांच्या शंका मिटवल्या जात. रडारवर एखादा बिननावाचा जमाव दिसला की थवा विचारायचा, या दिवसांत इथून कोण जायचं असतं? आणि जो जायचा असेल त्याचं नाव त्या जमावाला द्यायचा.

'या दिवसांत कोण जायचं असतं' हे कळायला जुन्या नोंदी लागतात, आणि त्याच आमच्याकडे नव्हत्या. आमच्या प्रमुख देवधर मॅडमनी एका बैठकीत विचारलं, 'एकाच पाणवठ्यावरची, खंड न पडलेली, वीस वर्षांची नोंद कुणाकडे आहे का?' मी हात वर केला आणि म्हटलं, 'एकतीस वर्षांची आहे. माझ्या वडिलांकडे.' त्या दिवशी मला जितका अभिमान वाटला तितका नंतर कशाचाच वाटला नाही.

वह्या मी स्वतः भरल्या. तिथीवरून तारीख काढणारं एक तयार साधन होतं, उत्तरेतल्या कुणी भल्या माणसानं बनवलेलं. उघडलं की पहिलाच प्रश्न यायचा : 'मास-अंत? पौर्णिमा / अमावास्या.' पौर्णिमेवर आधीच खूण केलेली होती. मी तो प्रश्न वाचला. त्याचं उत्तर मला येत होतं, म्हणजे कुणी तोंडी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तो मला विचारलाय असं मला वाटलंच नाही. यंत्राचं काहीतरी आपापसातलं असेल म्हणून मी पुढे गेले आणि तीन दिवसांत एकतीस वर्षं भरून टाकली.

तपासणीत निम्म्या नोंदी उपग्रहाशी तंतोतंत जुळल्या. उरलेल्या जुळल्या नाहीत, पण त्या काळात यंत्र बांधलेले पक्षीच मोजके होते, त्यामुळे उपग्रहाच्या नजरेतून सुटलेला मोठा जमाव आबांना दिसला असणार असा अर्थ निघाला. थव्यानं वहीला घसघशीत वजन दिलं. आमच्या पाणवठ्यापुरता तो उपग्रहापेक्षा माझ्या बापावर जास्त विश्वास ठेवायला लागला.

उद्घाटनाला आबा आणि सोपानतात्या पुण्याला आले. नवी टोपी, इस्त्रीचा सदरा. भिंतभर नकाशा, त्यावर आमचा फुगवटा, आणि खाली आबांच्या अक्षरातलं एक पान.

'हनुमंता, तुझी वही भिंतीवर चढली की रं,' तात्या म्हणाले.

आबा नकाशाजवळ गेले. पट्टेवाल्यांच्या दोन लाटा दिसत होत्या. नोव्हेंबरच्या शेवटाला मोठी, डिसेंबरच्या मध्याला लहान.

'दोनदा?' आबांनी विचारलं. 'पट्टेवाले दोनदा कधी येतेत? आधी पाच-पन्नास टेहळे येतेत. दत्तजयंती झाली की मग बाकीचे.'

'आबा, तुम्ही एका काठावर बसून बघता. हा सगळं आभाळ बघतो.'

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. मी हे जरा मोठ्यानंच बोलले, त्यांना ऐकू जावं म्हणून. आबांनी टोपी सारखी केली.

'तू म्हणतेस तर असंल,' ते म्हणाले.

दोन वर्षांनी पाखरताप आला. उन्हाळ्यात तिबेटाकडच्या तळ्यांवर पट्टेवाल्यांचे खच पडले. मग त्या तळ्यांच्या काठची माणसं आजारी पडली, आणि दहातली सहा गेली. ताप पाखराच्या अंगातून, विष्ठेतून, पाण्यातून यायचा. हाताला लागून तोंडानाकात जायचा. माणसाकडून माणसाला तो सहजी होत नव्हता, पण जो उशाशी बसून सेवा करील त्याला सोडत नव्हता. लस नव्हती. पाखरं येण्याआधी माणसांनी पाण्यावरून उठायचं, एवढा एकच उपाय होता.

कधी उठायचं, हे देशात फक्त थव्याला माहीत होतं. बारा राज्यांचे हुकूम आमच्या भिंतीवर बघून निघू लागले. लाल पट्टा लागला की होडी ओढून बांधायची, कोंबड्या हलवायच्या, पाण्यापासून पाचशे पावलं लांब राहायचं. हिरवा झाला की मोकळं. राजस्थानात आणि पंजाबात थवा दिवसाच्या हिशेबात खरा ठरला आणि तिथे एकही माणूस दगावला नाही. आमची छाती फुगली, ती उगाच नव्हे.

शिरसवाडीला वीस नोव्हेंबर ते वीस डिसेंबर लाल पट्टा लागला. तो महिना गावानं कोरड्यावर काढला. पट्टेवाले मात्र आले नाहीत. मोठी लाट नाही, आणि डिसेंबरच्या मध्याला धाकटी म्हणावी तर जेमतेम चाळीस पाखरं. यंत्र बांधलेले चौदा पट्टेवाले होते, ते चौदाही ऑक्टोबरात एकाच तळ्यावर गप्प झाले होते. आम्ही दोन आणि दोन चार केले : इकडे यायचे होते ते वरच मेले. थव्यानंही तेच म्हटलं. एकवीस तारखेला पट्टा हिरवा झाला.

त्याच दुपारी सोपानतात्यांचा फोन आला.

'शीतलबाळ, हिरवं झालं म्हणतेत. सगळ्यांनी होड्या काढल्यात. पर तुझा बा म्हणतोय, दत्तजयंती होऊ दे, मग बघू. आता माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. तूच सांग, टाकू का जाळं?'

दत्तजयंतीला दोन दिवस होते. माझ्यासमोर पडदा होता, त्यावर शिरसवाडीच्या नावापुढे आकडा होता : पट्टेवाले उतरण्याची शक्यता शंभरात दोन.

'टाका, तात्या,' मी म्हटलं. 'जे यायचे होते ते वरच संपले. आबांचं काय घेऊन बसलात.'

'मग झालं तर. तू सांगितलंस, आता घोर नाही.'

सव्वीस तारखेला सकाळी मी चहा टाकत होते. फोन वाजला.

'मार्गशीर्ष वद्य तृतीया,' आबा म्हणाले. त्यांनी घसा खाकरला नाही. 'आले.'

माझ्या हातात गाळणी होती. मी गॅस बंद केला.

'किती आहेत?' मी विचारलं.

'मोजायला सोपान न्हाई हितं. त्यो पाण्यात हाय, जाळं काढायला गेलाय.' मग म्हणाले, 'पडाय लागलेत गं, शीतल. उतरता उतरता पडतेत.'

'तात्यांना बोलवा. हाका मारा. काही उचलू नका म्हणावं.'

'मारतोय की मगापासून. त्येला वाटतंय मी पाखरं आली म्हणून बोलावतोय. हात करतोय मला.'

जाळ्यात अडकलेलं पाखरू सोडवायचं, पाणी पाजायचं आणि वर भिरकावायचं, हे आमच्यात बापजाद्यांपासून चालत आलेलं. जाळ्याचं पाप जाळ्यावर ठेवायचं नाही म्हणतात. तात्यांनी त्या सकाळी अकरा पट्टेवाले सोडवले, नुसत्या हातांनी. त्यातले चार जिवंत होते.

नवव्या दिवशी सोपानतात्या गेले. त्यांची सेवा करणारी सून अश्विनी त्यानंतर पाच दिवसांनी गेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वाडीतली आणखी दोघं गेली. आबांना बारा दिवस वेगळं ठेवलं होतं. ते काठावरच राहिले होते, पाण्यात उतरले नव्हते. त्यांना काही झालं नाही.

जानेवारीच्या शेवटी केंद्राचा अहवाल निघाला. त्यात एक वाक्य होतं : 'स्थानिक नोंदींमधील कालविसंगतीमुळे अंदाज चुकला.' मी ते वाचलं आणि सही केली. विसंगती कुठली, हे तेव्हा कुणीच शोधलं नव्हतं. एवढी माणसं गेल्यावर काहीतरी कारण लिहावं लागतं, आणि आमच्या सगळ्या साक्षीदारांत एक वहीच अशी होती जी उलटून बोलणार नव्हती.

आठवड्यानं आमच्या सरपंचबाईंचा फोन आला. ग्रामसभेत अहवाल वाचून दाखवला होता. लोक आबांच्या अंगावर आले होते. तुझ्या वहीपायी महिनाभर उपाशी राहिलो आणि तुझ्या वहीपायी मेलो, असं म्हणाले होते.

'मग आबा काय म्हणाले?'

'उठून हात जोडले त्यांनी. म्हणाले, वहीत चूक होती. माझीच.'

मी फोन ठेवला. मला राग आला, आणि तो आबांचाच आला. इतक्या वर्षांत त्या वहीतल्या एका ओळीवरून त्यांनी कधी माघार घेतली नव्हती. चारशे की साडेतीनशे यावरून ते तात्यांशी आठ-आठ दिवस बोलत नसत. हा माणूस 'चूक होती' म्हणतो? मी वह्यांची जुनी छायाचित्रं उघडली, शेजारी थव्यातल्या तारखा लावल्या आणि स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

पाच मिनिटं लागली. शुद्ध पक्षातली प्रत्येक नोंद बरोबर होती. वद्य पक्षातली प्रत्येक नोंद एक महिना अलीकडे पडली होती.

आपला महिना अमावास्येला संपतो. आधी शुद्ध, मग वद्य. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. तिकडे आधी वद्य येतं, मग शुद्ध. चांदण्या पंधरवड्याला दोन्हीकडे एकच नाव, पण काळोख्या पंधरवड्याला आपण ज्या महिन्याचं नाव देतो, ते त्याच्या पुढच्या महिन्याचं देतात. आपली कार्तिक वद्य तृतीया ती त्यांची मार्गशीर्षातली. आबांनी लिहिलं मार्गशीर्ष वद्य तृतीया, म्हणजे डिसेंबरची अखेर. साधनानं वाचली ती नोव्हेंबरची अखेर. साधन चुकलं नव्हतं. त्यानं मला पहिल्याच पानावर विचारलं होतं, महिना कुठे संपतो?

दोन लाटा कधी नव्हत्याच. लहान लाट म्हणजे शुद्धातले आबांचे टेहळे. मोठी लाट म्हणजे महिनाभर मागे ढकललेले खरे पट्टेवाले. आणि एकदा वहीला वजन दिल्यावर थव्यानं बाकीच्यांना तिच्यामागे उभं केलं. चोवीस डिसेंबरला रडारवर उत्तरेकडून मोठा जमाव उतरताना दिसला होता. मी तो पुन्हा काढून पाहिला. थव्यानं त्याला 'करकोचे' असं नाव दिलं होतं, कारण पट्टेवाल्यांचे दिवस उलटून गेले होते.

मी देवधर मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्याही स्वयंपाकघरात तेच कॅलेंडर असणार. केंद्रातल्या सगळ्यांच्याच घरी असणार.

'आणखी कुणाच्या नोंदी तिथीवरून घेतल्या आहेत?'

'कर्नाटकातल्या दोन, तेलंगणातली एक. महिना तिथेही आपल्यासारखाच.'

'त्या आज दुरुस्त कर. आत्ता.' मग त्या म्हणाल्या, 'शीतल, अहवाल गेलेला आहे. एका खुणेपायी चार माणसं मेली हे बाहेर गेलं, तर उद्या बारा राज्यांत लाल पट्टा कोण मानेल? तू सांग. मी तुला वाचवत नाहीये, थव्याला वाचवतेय.'

त्या खोटं बोलत नव्हत्या. म्हणूनच मला ते बरं पडलं. मी त्या दिवशी खूण पौर्णिमेवरून अमावास्येवर नेली आणि दोन महिने कुणाला काही बोलले नाही. या दोन महिन्यांबद्दल मला काही सांगायचं नाही. मी जेवत होते, झोपत होते, कामावर जात होते. त्याचीच मला लाज वाटते.

फाल्गुनात गावी गेले. आबा ओट्यावर जाळ्याची भोकं सांधत बसले होते. वह्यांची फळी रिकामी होती. त्या पेटीत घालून वर कुलूप लावलेलं होतं.

मी बसले आणि सगळं सांगितलं. प्रश्न, खूण, महिना. आबांचा हात थांबला नाही.

'ठावं हाय मला,' ते म्हणाले.

'कसं?'

'त्या अहवालाच्या मागं तक्ता होता की, माझ्या वहीच्या तारखांचा. एका दुपारी कॅलेंडर घेऊन बसलो. समदं शुद्ध बरोबर. समदं वद्य महिनाभर अलीकडं. म्हणलं, यंत्राला कुठलं शुद्ध नि कुठलं वद्य. हे भरणाऱ्याचं काम.'

'म्हणजे ग्रामसभेच्या आधीच?'

'दोन दिस आधी.'

'मग तुम्ही चूक माझी म्हणून का सांगितलंत? वही बरोबर होती, आबा. तुम्ही बरोबर होता. तुम्ही तर तात्यांना थांबवत होता.'

त्यांनी दोरा दातानं तोडला.

'मग काय सांगू? माझ्या पोरीनं महिना उलटा धरला म्हणू? म्हातारा चुकला तर लोक चार शिव्या देत्यात नि सोडत्यात. तू चुकलीस म्हणल्यावर तुला या गावात पाय ठिवता आला असता का?' मग हळू आवाजात म्हणाले, 'वही काय, कागद हाय. आन् मोजणारा तर गेलाच.'

मी ओट्यावर बसून रडले. आबांनी मला रडू दिलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.

मग मी उठून सोपानतात्यांच्या घरी गेले. आबा मागून म्हणाले, 'शीतल, तिकडं नको जाऊ.' मी ऐकलं नाही.

तात्यांची बायको लताकाकी चुलीपाशी होती. तिनं पाट सरकवला. घरात आता ती आणि तिचा मुलगा, दोघंच. मुलगा कामाला गेला होता. मी तिलाही सगळं सांगितलं, अगदी फोनसकट.

'फोन मला ठावं हाय,' काकी म्हणाली. 'हितंच बसून केला व्हता त्यांनी. तू टाका म्हणालीस, ते ऐकलंय मी.'

'मग ग्रामसभेत तू का नाही बोललीस?'

'मला वाटलं तू वही बघून सांगितलंस. वही चुकली तर पोरगी काय करंल.' तिनं भाकरी उलटली. 'म्हंजी हनुमंतभाऊ म्हणत व्हते ते खरं व्हतं.'

'होय.'

'आन् ह्यांना ते पटत व्हतं. दोन दिस जाळं काढत व्हते नि ठिवत व्हते. तू म्हणालीस म्हणून गेले.'

'होय, काकी.'

भाकरी करपली, तरी तिनं काढली नाही.

'तुझ्यासाठी तुझ्या बापानं वही टाकली,' ती म्हणाली. 'माझ्या दोन माणसांसाठी तू काय टाकलंस?'

तिनं हे भांडायला विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

चैत्रातल्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि कॅलेंडर हातात धरून सगळं सांगितलं. वही बरोबर होती, आबा बरोबर होते, खूण माझी होती, 'टाका' हा शब्द माझा होता. लोक ओरडतील असं वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. एक-एक जण उठून गेला. आबा मागे खांबाला टेकून बसले होते. सगळे गेल्यावर ते माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाले, 'माझ्याकडं देण्यासारखं तेवढंच व्हतं. तेबी तू घेतलं न्हाईस.'

पुण्यात मी तेच लिहून दिलं आणि केंद्रातून बाहेर पडले. आता एका शाळेत भूगोल शिकवते. मॅडमना भीती होती तसं काही झालं नाही. दोन दिवस बातम्या आल्या आणि लोक विसरले. थवा चालू आहे. वही त्यात अजून आहे, आता योग्य तारखांसह, आणि तिचं वजन आणखी वाढलं आहे. यंदा शिरसवाडीला लाल पट्टा लागला तो दत्तजयंतीच्या चार दिवस आधी. होड्या बांधल्या गेल्या, माणसं लांब राहिली. यंदा तिथे कुणी मरणार नाही.

काल सकाळी आबांचा फोन आला. मी उचलला आणि सवयीनं गप्प राहिले, तिथी ऐकायला.

'हॅलो,' आबा म्हणाले.

त्यांनी पुन्हा म्हटलं, 'हॅलो. शीतल? ऐकू येतंय का?'

'येतंय, आबा.'

'जेवलीस का?'

'हो. तुम्ही?'

'खाल्ली भाकरी. पानी बंद हाय, लाल पट्टा लागलाय. बसून हाय घरी.'

त्यांच्या मागून आवाज येत होता. आधी वाटलं लाइनमधली खरखर आहे. मग ओळखू आलं. खालच्या पट्टीतलं, एकमेकांना उत्तर देत जाणारं ओरडणं, पुष्कळ गळ्यांचं, वरून खाली उतरत येणारं. जन्मापासून ऐकलेला आवाज होता तो. आबांना तो माझ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट ऐकू येत असणार. ते पावसापाण्याचं बोलले, शेजारच्या म्हशीचं बोलले. मी वाट बघत राहिले.

शेवटी न राहवून मी विचारलं, 'आबा, आज तिथी कोणती?'

'बघितली न्हाई,' ते म्हणाले.